भिंतवाली

प्रदर्शनात तिला सगळे भिंतवाली म्हणायचे. नवा व्हिडिओ गेमचा कन्सोल लोकांपुढे पहिल्यांदा येतो तेव्हा तो अर्धाकच्चाच असतो, हे त्या धंद्यातलं उघड गुपित. स्टेजवर मिरवतात तो कंट्रोलर चकचकीत, हातात धरायला झकास, आणि आतून पोकळ. मग एखादा देखणा माणूस त्याची बटणं दाबल्याचं सोंग आणतो आणि स्टेजमागच्या प्लायवूडच्या भिंतीआड बसलेलं कुणीतरी जुन्या मशीनवर खरा खेळ खेळतं. ते कुणीतरी म्हणजे ही. टाळ्या भिंतीच्या त्या बाजूला, घाम या बाजूला.

यंदा मात्र साहेबांनी शब्द दिला होता. साहेब म्हणजे स्टॉलचे सर्वेसर्वा, बोलणं अगदी लोण्यासारखं. "यंदा कंट्रोलर चालू येतोय. स्टेजवर तूच!" ती हुरळून गेली. घरी येऊन आईला म्हणाली, "या वेळी तू यायचंच."

आई एका दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. मुलगी कंपनीत नेमकं काय करते हे तिला ठाऊक नव्हतं, कारण कुणालाही सांगायचं नाही अशी सहीच घेतलेली. घरी मुलगी सरावाला बसली की आई म्हणायची, "बटणं दाबून कुणाचं भलं झालंय?" आणि आत निघून जायची. एकदा, फक्त एकदा, आईने समोर बसून आपला खेळ बघावा, एवढंच मुलीला हवं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी बघते तर तिच्यासाठी शिवलेलं चंदेरी जाकीट हसऱ्याच्या अंगात! हसरा म्हणजे दरवर्षीचा तो देखणा. दातांखेरीज दुसरं भांडवल नाही.

"कंट्रोलर तयार झालाच नाही गं," साहेब म्हणाले. "आणि सोंगच करायचं तर चेहरा लागतो. तू आपली मागे बस. पुढच्या वर्षी बघू."

"साहेब, माझी आई आलीय."

"अरे वा! दुसऱ्या रांगेत बसवू की त्यांना. थंड काहीतरी प्यायला देऊ."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांच्या कामाची किंमत काय, तर थंड काहीतरी! पण आईसमोर तमाशा नको, म्हणून ती दात-ओठ खात भिंतीमागे गेली.

बाहेर लोक नुसते वेडे झाले होते. पडदा सरकला, धूर सुटला, काचेच्या पेटीतला काळाभोर कन्सोल दिसला आणि एकच आरडाओरडा उठला. चांगली संसारी माणसं मोबाइल उंच धरून चवड्यांवर उभी. "खेळात धक्का बसला की तळहाताला कळतं!" हसरा ओरडला आणि हातातलं रिकामं प्लास्टिक थरथरवू लागला. लोकांनी तेवढ्यावरही टाळ्या पिटल्या. भिंतीमागे तिच्यासमोर दोन पडदे होते, एकावर खेळ आणि दुसऱ्यावर हसरा. हसऱ्याने हात वर केले की तिने थांबायचं, म्हणजे त्याला टाळ्या घेता येतात.

पहिला खेळ संपला आणि आईचा फोन आला.

"अगं, आहेस कुठे? दिसलीच नाहीस. पण तो मुलगा काय खेळतो! पुलावरून उडी मारली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. जरा शीक त्याच्याकडून."

"हो," म्हणून तिने फोन ठेवला. साहेबांचा राग आला, हसऱ्याचा आला, आणि खरं सांगायचं तर आईचाही आला. जन्मात पहिल्यांदा आईने तिच्या खेळाचं कौतुक केलं, तेही भलत्याच्या नावावर!

दुसऱ्या खेळात पुलाशी पोचताच हसऱ्याने सवयीने दोन्ही हात वर केले. ती थांबली नाही. पडद्यावरचा वीर पुलावरून उडाला, थेट राक्षसाच्या खांद्यावर उतरला, त्याची शिंगं पिरगाळू लागला, आणि इकडे हसरा हात वर करून हसतोच आहे. पुढच्या रांगेत कुणी फिदीफिदी हसलं. मागून कुणी ओरडलं, "अरे, खेळतंय कोण?" हसऱ्याने घाईघाईने कंट्रोलर धरला तो उलटा. "थांब! थांब म्हणतो ना!" साहेब तिच्या कानातल्या यंत्रातून किंचाळले. तिने ते यंत्र उपटून फेकलं, राक्षसाला दरीत लोटलं आणि भिंतीचं दार ढकलून ती बाहेर आली.

"मी खेळतेय!"

गोंगाटात फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. आईला गेलं.

कोपरं मारत वाट काढत आई आली, मुलीकडे न बघता उघड्या दारातून आत शिरली. प्लायवूडच्या दोन फळ्यांमधली ती फट. पंखा नाही, पायात वायरींचा गुंता, दिव्यांची सगळी धग आत, आणि बसायला रंगाचा पालथा घातलेला डबा.

"पहिल्यापासून इथेच?" आईने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि वर घरी आलीस की मी..."

तेवढ्यात साहेब धावत आले. "उद्यापासून यायचं नाही! कंपनीची अब्रू घालवलीस!"

आई वळली. मुलीने तिला इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "अब्रू? मी लोकांच्या मळक्या चादरी हाताळते, साहेब, पण मला बसायला स्टूल देतात." मग मुलीचा दंड धरून म्हणाली, "चल. घरी जाऊन खेळ. मी समोर बसते."