काहिलीतून माहेरी

आमच्या लग्नानंतरची पहिली सहल काहिलीतून झाली. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. चार माणसं ऐसपैस बसतील एवढी रुंद, तळ सपाट, कडेला धरायला कड्या. सासरचं घर शिरूरात असलं तरी मळा घोड नदीच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगाला होता, आणि पावसाळाभर ती तिथे पालथी पडलेली असे. नदीला पाणी आलं की माणसं तिच्यातून पलीकडे जात, शेळ्याही नेत. तिच्यातून थेट दौंडपर्यंत जाणं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. धरण भरून पाणी सांडव्यावरून खाली येत होतं आणि इतक्या दिवसांनी वाहणारी नदी बघायला लोक उगाचच काठावर जात. त्यात धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, तसं दौंडहून माझ्या वडिलांचं बोलावणं आलं. कचेरीतून रजा मिळाल्यावर हे म्हणाले, “लोक माथेरानला जातात. आपण नदीनं जाऊ. घोड भीमेला मिळते, भीमा तुझ्या दारापर्यंत जाते.”

ह्यांच्या चुलत्यांना, आबांना, विचारल्याशिवाय काहील हलत नसे. आबा तंबाखू मळत म्हणाले, “सासुरवाडीला मोटारीनं जात्यात. तू काय गुळाची ढेप हायस व्हय, काहिलीतनं जायला?”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आबा.”

“आन् पोचा आला म्हंजी? दसऱ्याला गुऱ्हाळ लागायचंय.” मग ते माझ्याकडे वळले. “सूनबाई, तुम्ही तरी सांगा ह्याला कायतरी.”

मी पदर सारखा करून जमिनीकडे पाहिलं.

“हे व्हय समजायचं का न्हाई?” आबा म्हणाले, आणि ओटीवरची सगळी माणसं हसली.

त्या घरात मी फार बोलत नसे. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे मी शिष्ट आहे असं काहींना वाटे. मी ते खोडून काढलं नाही. गप्प बसलं की माणसं नीट दिसतात, एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी सांगण्यासारखी एक गोष्ट होती. मला पोहता येत नव्हतं. कॉलनीतल्या मुलींना हौदात पोहायला शिकवतात असं ह्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि मीही शिकले असणार असं धरून चालले होते. तो हौद साहेबांच्या मुलांसाठी होता. आम्ही जाळीच्या बाहेरून बघायचो. हे त्यांना सांगितलं असतं तर सहल रद्द झाली असती, आणि लग्न झाल्यापासून ह्यांना इतकं उत्साहात मी पाहिलं नव्हतं. मी गोणपाटं आणि भाकऱ्या बांधायला घेतल्या.

पहिल्या वळणाला कळलं की काहिलीला तोंड नसतं. ती पुढे जाताना स्वतःभोवती फिरते. एकदा हे पुढे आणि मी मागे, तर थोड्या वेळाने मी पुढे आणि हे मागे. लांब दांड्याच्या फावड्याने हे तिला वळवायला बघत, की ती आणखी जोरात फिरे. काठावर एक म्हातारा शेळ्या चारत होता. “जत्रंत बसला काय रं?” त्याने ओरडून विचारलं.

दुसरी गोष्ट ऊन वर आल्यावर कळली. लोखंड तापतं. काहील तापवण्यासाठीच केलेली असते, हे गुऱ्हाळवाल्यांच्या मुलाला आधी सुचायला हवं होतं. पण काहील चुलवणावर तापते, हीच त्याच्या डोक्यात बसलेली गोष्ट. बिनजाळाची तापलेली त्याने पाहिलेली नव्हती. आम्ही गोणपाटं नदीत भिजवून खाली अंथरत होतो, ती वाळत होती, परत भिजवत होतो. एकदा गोणपाटाबरोबर एक दिवड जातीचा साप आत आला. ह्यांनी तो शेपटीला धरून सोडून दिला. शाळेच्या भूगोलात ‘उष्ण कटिबंधातील देश’ असा धडा होता, त्यात गोल टोपलीसारख्या होड्यांची चित्रं होती. तो धडा वाचताना आम्हाला ते देश कुठेतरी लांब वाटत. मी छत्री धरून, गुडघे पोटाशी घेऊन, एक कडी घट्ट पकडून बसले होते.

“भीती वाटतेय?” ह्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

मुक्काम इनामगावला ह्यांच्या मावशीकडे केला. हिवाळ्यात जिथे हजारो वर्षांपूर्वीची घरं उकरून काढायचं काम चाले, ते टेकाड तिच्या शेतापलीकडेच होतं. पावसाने खड्डे भरले होते आणि त्यांत बेडूक ओरडत होते. मावशीने माझे भाजलेले तळपाय पाहिले, खोबरेल आणून दिलं आणि भाच्याला एवढंच म्हणाली, “गुळाची काहील बायकूला भाजायला काढलीस व्हय रं?”

दुसऱ्या दिवशी संगम लागला. घोड नदीचं पाणी गढूळ होतं, भीमेचं जरा निवळ, आणि भीमा रुंद होती. काठ लांब गेला तशी मी काही बोलेनाशी झाले. आधीही बोलत नव्हते, म्हणून ह्यांच्या ते लक्षात आलं नाही. मग रेल्वेचा पूल दिसला. मी तो लहानपणापासून वरून, गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. खालून त्याचे दगडी खांब केवढे तरी मोठे होते आणि पाणी त्यांच्यामध्ये ओढ घेत होतं.

पुलाच्या बरंच अलीकडे म्हशी धुणारी माणसं होती आणि खडकावर बायका धुणं धूत होत्या. पूल कुठल्या बाजूने पार करावा हे विचारायला हे उतरले. दोर कडीला बांधलेला होता. त्याच्या दुसऱ्या टोकावर ह्यांनी एक धोंडा ठेवला, शेळी बांधून ठेवतात तसा. मी आतच बसले. काहील सवयीप्रमाणे फिरली, दोर ताणला, आणि धोंड्याखालून सुटून पाण्यात आला.

“अहो,” मी म्हटलं.

हे पाठमोरे बोलत होते. मी परत, जरा मोठ्याने म्हटलं, “अहो!”

म्हशी धुणाऱ्यांपैकी एकाने वर पाहिलं, मग दुसऱ्याने. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथला प्रत्येक बाप्या कुणाचा तरी ‘अहो’ होता. फक्त माझे वळले नाहीत. माझा मोठा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, तर ओळखणार कसा? काठ सरकायला लागला होता आणि पूल जवळ येत होता.

मग मी त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, शाळेच्या मैदानावर मैत्रिणीला मारतो तशी हाक. ते पुलाखाली घुमून परत आलं.

हे वळले. क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले, मग सदऱ्यासकट पाण्यात पडले. “हलू नको! बसून राहा!” ओरडत त्यांनी तरंगता दोर धरला आणि काहील तिरपी ओढत नेली. म्हशीवाले दोघे पुढे येऊन दोराला लागले. पहिल्या खांबाच्या अलीकडे ती वाळूत रुतली.

“उडी टाकायची ना!” हे धापा टाकत म्हणाले. “काठाशी होतीस तेव्हाच टाकायची.”

“मला पोहता येत नाही.”

ते वाळूत खाली बसले. “मग सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

खडकावरून एक बाई दुसरीला म्हणाली, “अगं बया, नवऱ्याचं नाव घ्येतलं की! त्ये बी उखाण्याबिगर!” आणि सगळ्या खडकभर हसू पसरलं.

तिथून आम्ही बैलगाडीने घरी गेलो. आईच्या हातचे पुरणाचे धोंडे खाल्ले, ह्यांना वाण मिळालं. काहील आमच्या दोन दिवस आधीच कांद्याच्या ट्रकवरून शिरूरला गेली. ट्रकवाल्याने नदीवरची गोष्ट ऐकलेली होती. तीही काहिलीबरोबर गेली.

आम्ही पोचलो तेव्हा आबा बोटाच्या पेराने काहील वाजवून बघत होते. पोचा नव्हता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या जात्यापाशी बसल्या होत्या. जाऊबाई मुद्दाम दारात येऊन उभ्या राहिल्या.

“नाव घ्येतलंस म्हनं,” आत्याबाई म्हणाल्या.

“हो.”

“मोठ्यानं?”

“हो.”

“मग आला का त्यो?”

“आले.”

“मग झालं की.” त्यांनी जात्यात मूठ टाकली. जाऊबाई हिरमुसल्या. “पर पवता येत न्हाई हे का बोलली न्हाईस? त्याला न्हाई, मला न्हाई. तोंडात काय गूळ धरला हुतास?”

उत्तराची वाट न पाहता त्या परत दळायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेल्या. बाप्ये माणसं तिकडे फिरकणार नाहीत अशी तजवीज त्यांनी केली होती. माडीवरचा वाळलेला भोपळा काढून त्यांनी माझ्या पाठीला बांधला. स्वतः कासोटा मारून पायऱ्या उतरल्या. त्यांचं माहेर केंदूरचं, आणि विहिरीत उडी मारल्याशिवाय तिथे पोरींना भाकर मिळत नसे, असं त्या सांगत होत्या. मी पहिल्यांदा पाण्यात गेले तेव्हा भोपळा पोटाकडे सरकला आणि मी उताणी झाले. त्यांनी मला वेणीला धरून सरळ केलं, गाठ परत आवळली, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला दोनदा गुंडाळलं.

“आता सोड पायरी. घाबरलीस तर हाक मार, म्हंजी वढते.”

“काय हाक मारू?”

“कायबी मार,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू आली पायजे.”

मी पायरी सोडली.