मातामायच्या नावाची कोंबडी

मोतीझिऱ्याच्या तापातून मी उठले तेव्हा माझ्या डोक्यावर केस नव्हते आणि पायांत चालायचं बळ नव्हतं. वय असेल आठ-नऊ. कुरखेड्यापासून चार कोस आत, जंगलाला लागून आमचं गाव. थोडी धानाची शेती, दोन बैल, आणि घरात आम्ही तिघंच : माय, बाबा आणि मी. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि चांद्याचा दवाखाना आम्हाला दुसऱ्या मुलखाइतका दूर. ताप उतरेना तेव्हा मायनं गावच्या मातामायला नवस केला होता. पोरगी उठून बसली, तर आषाढात आखाडीच्या सणाला काळी कोंबडी चढवीन.

मी उठून बसले. मग बाबांनी आठवडी बाजारातून एक काळं पिल्लू आणलं. घरीच वाढवू, म्हणाले.

पौषातली थंडी होती. पिल्लाला ऊब मिळावी म्हणून माय ते माझ्या खाटेखाली डालग्यात ठेवायची. दिवसा मी भिंत धरून चालायला शिकायची आणि पिल्लू माझ्या मागे यायचं. चार पावलांत मी दमून बसले की तेही बसायचं. मी उठले की उठायचं. माझे केस परत यायला लागले, त्याच दिवसांत त्याच्या अंगावर खरी पिसं आली. फाल्गुनापर्यंत मी घरामागच्या सांदवाडीत एकटी फिरू लागले, आणि तोवर त्या पिल्लाची चांगली कोंबडी झाली होती. मी वारुळाची ढेकळं फोडून वाळवी काढायची, ती माझ्या तळहातावरून टिपायची. चोच लागायची, पण दुखायचं नाही. चैत्रात मोहफुलं वेचायला मायसोबत गेले तर तिलाही टोपलीत घालून न्यायची. माय हसायची, आणि मग एकदम खाली वाकून फुलं वेचू लागायची.

"जीव नको लावू तिले," एकदा ती म्हणाली. "ती मातेची हाय."

"मले ठाऊक हाय," मी म्हणाले. ठाऊक होतंच. पण ठाऊक असून काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

आखाडीच्या आदल्या दिवशी मी तिला तांदळाची कणी आणि गुळाचा खडा खाऊ घातला. कोंबडीला कान कुठे असतात ते मला माहीत नव्हतं. अंदाजानं डोक्याजवळ तोंड नेऊन सांगितलं, "भिऊ नको. मी उद्या जवळच राहीन." मग तिला सोडलं आणि घरात जाऊन तोंड धुतलं.

त्याच दुपारी गोठ्यात बैलाचा खूर तिच्या पायावर पडला.

मायनं लगेच मातामायच्या पुजाऱ्याला बोलावलं. म्हातारा गोंड होता, फार कमी बोलायचा. त्यानं तिच्या पायावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"बाई, हाड मोडलं. खोड लागलेलं जनावर मातेले चालत नाई."

मायनं माझ्याकडे पाहिलं. "मंग आता माह्या पोरीचं कसं, भाऊ?"

"दुसरी आन. माता समजते."

मी भिंतीकडे तोंड केलं. मला हसू येत होतं. कोंबडी कण्हत होती, माय घाबरली होती, आणि मला आनंद झाला होता.

शेजारणीकडून दुसरी काळी कोंबडी आणली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या नावानं गेली. तिच्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नाही. मातामायपुढच्या आंब्याखाली सगळ्यांसोबत जेवायला बसले, रस्सा भातावर घेतला, आणि मला तो आवडला. हे लिहायला आजही नको वाटतं, पण तसंच झालं होतं.

मायनं आमच्या कोंबडीच्या पायाला हळदतेल लावून बांबूच्या काड्या बांधल्या. दोन-तीन दिवस ती एका पायावर उड्या मारत माझ्या मागे आली. मग यायची थांबली. पाय काळा पडला, वास येऊ लागला. आठवड्याभरानं तिनं कणीसुद्धा टिपली नाही.

बाबा सकाळी तिच्यापाशी बसले. "आज नाई त उद्या मरन. कापून टाकतो. तिचीबी सुटका होईन."

"नाई," माय म्हणाली. "मातेच्या नावानं वाढवली तिले. घरात सुरी नाई लागाची."

बाबा उठून धानाच्या बांधीवर गेले.

मी छपरीत तिला मांडीवर घेऊन बसले. किती हलकी झाली होती! मायनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून तिच्या चोचीवर पिळला. माझ्या तापात माझ्या ओठांवर असाच पिळायची. थेंब बाहेरच ओघळले.

"तिले जा म्हन," माय म्हणाली. "तू सोडत नाई, त तिचा जीव अडकून राह्यला."

"मी काऊन म्हनू?"

"तुह्या मागंच फिरे ना ती. तुहंच आयकन."

मी बराच वेळ तिची पिसं सारखी करत राहिले. शेवटी म्हटलं, "जा." ती गेली नाही. दुपारी बाबा जेवायला आले तेव्हाही तिचं पोट हळूहळू हलत होतं. बाबा हात धुवायला वळले, तेवढ्यात तिनं एक पंख पसरला आणि मान माझ्या मनगटावर टाकली. मला वाटलं, झोपली. मायनं तिला माझ्या मांडीवरून उचललं तेव्हा कळलं.

बाबांनी जेवण तसंच ठेवून कुंपणापाशी खड्डा खणला. मायनं वरून मूठभर तांदूळ टाकले. मातेची म्हणून की आमची म्हणून, मी विचारलं नाही.

मला रडताना बघून बाबा म्हणाले, "चाल माह्यासंग. घरी बसून काय करतेस?" तापानंतर मी पहिल्यांदाच शेतावर गेले. रोवणी चालू होती. बाबांनी पऱ्ह्याची एक जुडी माझ्या हातात दिली आणि रोप चिखलात किती खोल खोचायचं ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन ओळी लागल्या, दोन्ही वाकड्या. बाबांनी त्या तशाच राहू दिल्या.