तोट्यातली साडी आणि सव्वा किलोची फरशी

मी एका निरपराध बाईला केवळ वजाबाकीच्या जोरावर गुन्हेगार ठरवलं. पुरावा नव्हता, साक्षीदार नव्हता; वजाबाकी मात्र बरोबर होती. नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत, हे तेवढं अजून ताजं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी राजाजीनगर भागात इन्स्पेक्टर होतो. बंगळुरात जागोजागी सायबर कॅफे निघाले होते. लोक इंटरनेटवरून साड्या घेतात हे कळल्यावर ठाण्यात जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या स्टेशन रायटरांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "सर, मग पदर कसा बघतात?"

पुण्याच्या एका गृहस्थांची तक्रार टपालाने आली, सोबत पार्सलही. वेबसाइटवरून मागवलेल्या रेशमी साडीऐवजी त्यात फरशीचा तुकडा निघाला होता. विकणारी बाई आमच्या हद्दीतली. पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन आला: "ती बाई इतकी स्वस्त विकते. तिला परवडतं कसं, तेवढं विचारा." आवाज तिच्याच रस्त्यावरच्या साडीवाल्याचा होता, हे मी ओळखलं. पण प्रश्न मला आवडला.

बाईंना बोलावून घेतलं. महिला शिपाई शेजारी बसवली, नवरा बाहेरच्या बाकावर. आमच्यासारखंच त्यांचंही मराठी घर पिढ्यानपिढ्या इथलं, त्यामुळे चौकशी मराठीत चालली आणि रायटर ती कन्नडमध्ये उतरवत होते. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा बांगड्या मोडून बाईंनी हा धंदा मांडला होता. वेबसाइटवाल्यांनी त्यांचे महिन्याभराच्या विक्रीचे पैसे अडवून माझा अहवाल मागितला होता. तो विरुद्ध गेला असता तर पैसेही बुडाले असते आणि धंदाही.

"साडी कितीला घेता?"

"विणकराकडून सातशेला. विकते साडेआठशेला. दीडशे सुटतात, अण्णा."

"वेबसाइट फुकट विकून देते?"

"नाही, शेकडा दहा कापून घेतात."

"आणि कुरियर?"

"नव्वद. ते मी घरखर्चात धरते."

मी मोठ्या ऐटीत कागद पुढे ओढला. पंच्याऐंशी आणि नव्वद, एकशे पंच्याहत्तर. म्हणजे दर साडीमागे पंचवीस रुपये पदरचे. "असा धंदा कोणी करतं का? अधूनमधून एखाद्या पार्सलात फरशी भरली की सगळं वसूल. खरं ना?"

बाईंनी कागद आपल्याकडे वळवला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. आता कबुली येणार, म्हणून मी रायटरांना खूण केली.

"म्हणजे दिवाळीत विक्री वाढली म्हणून आम्ही पेढे वाटले," त्या सावकाश म्हणाल्या, "ते तोट्याचे?" मग दाराकडे वळून, "अहो, ऐकलंत का, आपल्याला काही सुटतच नाही."

रायटरांनी मला हळूच विचारलं, "सर, हे पण जबाबात घ्यायचं?"

मी खाकरलो. "ते राहू द्या. फरशीचं काय?"

आता बाई चिडल्या. "अण्णा, स्वल्प विचार करा की. अर्धा किलोच्या वर गेलं तर कुरियरचे दुप्पट लागतात. म्हणून मी घडीतला पुठ्ठासुद्धा काढून टाकते, खोका न घेता पातळ कापडात शिवते. फसवायचंच असतं तर चिंध्या भरल्या असत्या. फरशी पाठवून जास्तीचं भाडं मी कशाला भरू?"

उत्तर द्यायला मी इकडेतिकडे बघितलं आणि नजर पार्सलवर गेली. माझ्या खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मुद्देमालाचं ते पार्सल मी दाराला अडकण म्हणून लावून ठेवलं होतं. दार जागचं हलत नव्हतं, तरी मला काही सुचलं नव्हतं.

ठाण्यात वजनकाटा नव्हता. समोरच्या किराणा दुकानात पार्सल नेलं, दोन पंचांसमोर तोललं. सव्वा किलो भरलं. कुरियरच्या पावतीवर वजन अर्ध्या किलोच्या आत होतं. बाईंनी शिवण बोटाने चाचपली. "सरी, कळलं. हा दोरा माझा नव्हेच."

पुढचं काम सोपं होतं. कुरियरच्या काउंटरवरचा माणूस पार्सल तोलून पावती द्यायचा, मागच्या खोलीत शिवण उसवून साडी काढायचा आणि हाताला लागेल ते भरायचा. त्याच्या घरझडतीत साड्या सापडल्या आणि त्याने कबुली दिली. वजनाचा विचार त्यालाही सुचला नव्हता. तेवढ्यापुरते चोर आणि मी एकाच इयत्तेत होतो.

अहवाल बाईंच्या बाजूने गेला, अडकलेले पैसे सुटले. त्यांनी साडीचा भाव वाढवला आणि कुरियरचा खर्च गिऱ्हाइकावर टाकला. कापडात शिवलेली तसली पार्सलं आता दिसत नाहीत. दिसली असती तर मी आधी हातात घेऊन वजन बघितलं असतं. तोटा दिसला की लबाडी शोधायची, ही माझी जुनी सवय. पण बरीच माणसं तोट्यात असतात ती मोजायचं राहून गेल्यामुळे, हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून संशयिताचं गणित मांडण्याआधी मी मुद्देमाल नीट बघायला लागलो.

निवृत्तीनंतर जे. पी. नगरात एका साडीच्या दुकानात सहज शिरलो, तर गल्ल्यावर त्याच बाई. त्यांनी चहा मागवला, नवऱ्याला बोलावून जुनी ओळख सांगितली. दुकान चांगलं चाललेलं दिसत होतं. मी म्हटलं, "हल्ली रिकामाच असतो. तुमचा हिशेब बघायला येत जाऊ का?"

"नको, अण्णा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिशेब करायला बसलात की कोणाला तरी आत घालता."