प्रभूवर ढकललेली शाळा

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी देवळातली, म्हणजे चर्चमधली, उपासना सुटली, की आम्ही लिहिणारे पाच-सहा जण मंगळवार पेठेत बाईंच्या घरी जमायचो. बाई निवृत्त शिक्षिका. नियम त्यांचाच होता: आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. दुसऱ्यानं वाचायचं, लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. नंतर प्रत्येकानं लक्षात राहिलेलं एक वाक्य कागद न बघता सांगायचं. मगच चहा.

मी जालन्याकडचा. नव्वदनंतर कधीतरी कोल्हापुरात लेथवर कामाला आलो. शाळा सातवीत सुटलेली. हे इथं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, पण आज विचारतील, उद्या विचारतील या धास्तीत मी बसायचो. आणि तरी जायचो. परक्या गावात रविवारी माझी वाट बघणारं तेवढं एकच घर होतं.

वर्षभर नुसतं ऐकलं. चर्चच्या नाताळ अंकाची तयारी सुरू झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुमचं." महिनाभर घास गोड लागला नाही. मनाशी ठरवून टाकलं, लिहिलेलं फसलं तर पुन्हा या घरी यायचं नाही.

कागद वाचायला घेतला सिस्टरनी. त्यांची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली, आवाज खणखणीत. मी लिहिली होती साक्ष. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते देवळात उभं राहून सांगतात, तशीच. 'प्रभूने आपल्या अगाध योजनेत माझ्या शिक्षणाचा मार्ग बंद केला' असं काय काय. मी खिडकीपाशी गेलो, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो.

वाचन संपलं. छापखान्यात खिळे जुळवणारे मामा म्हणाले, "पावणं, खोटं कशाला बोलू? मला एक बी वाक्य ऱ्हायलं न्हाय."

"मला ऱ्हायलंय की," सिस्टर म्हणाल्या. "प्रभूनं शाळा बंद केली म्हणं. व्हय ओ, त्याला दुसरा उद्योग न्हवता?"

सगळे हसले. माझे कान तापले. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं, तरी तोंडातून निघून गेलं, "त्यानं नाही. मीच पळालो."

मग थांबता येईना. वडील गेले त्या साली मी मिशनच्या बोर्डिंगात होतो. रात्री आई एकटी कशी झोपत असेल, एवढंच डोक्यात. एका रविवारी पळून घर गाठलं. मागोमाग न्यायला मास्तर आले. आईनं मला धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरवलं, वर गोणपाट टाकलं. जन्मात खोटं न बोललेली माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "इथं नाही आला." मला आतून मास्तरांचा खोकला ऐकू येत होता.

"आन् हे कुठं हाय ह्यात?" सिस्टरनी कागद हलवला.

"कसं लिहू? आई खोटं बोलली, तेही रविवारी."

"मग? तुमची चूक तुमच्या नावावर ल्ह्या. देवाच्या नावावर किती दिवस खपवताय?"

"सातवीच झालीय माझी," मी म्हणालो. हेही निघून गेलं.

"माझी चौथी," मामा म्हणाले. "पर तुमच्या नाताळ अंकातल्या चुका मीच काढतोय न्हवं?"

बाई चहा ओतत होत्या. मामांना त्यांनी अंकात दोन पानं राखून ठेवायला सांगितलं. मला काही विचारलंच नाही.

खोलीवर येऊन लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. अंक डाकेनं गावी जाणार, कुणीतरी आईला वाचून दाखवणार, या विचारानं हात थांबायचा. शेवटी तिला पत्र टाकलं, लिहू का म्हणून. तिनं शेजारणीकडून उत्तर लिहवून घेतलं: लिही, पण मास्तरांना वाईट म्हणू नको.

पुढच्या खेपेला सिस्टरनीच वाचलं. मग वाक्यं सांगायची वेळ. मामांनी सांगितलं ते आईचं, "इथं नाही आला." सिस्टरनी तेच सांगितलं. तिसऱ्यानंही तेच.

बाई म्हणाल्या, "मास्तर गेल्यावर आई काय बोलली तुम्हाला? ते पुढच्या वेळी आणा."

आई त्या सबंध दिवसात माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ते कसं लिहायचं ते कळेना, तरी मी हो म्हणालो.