अनंताची नवी कुंडी

आईचं वर्षश्राद्ध उरकून नृसिंहवाडीहून घरी आले, तर गॅलरीतला माझा अनंत नव्या कुंडीत. नणंदेनं वास्तुशांतीला दिलेली चिनी मातीची निळी, चकचकीत कुंडी, बुडाला भोक नाही. वर साखर कारखान्यातली ताजी मळी, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, थापलेली. बोट खुपसून बघितलं तर आत गरम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा उद्योग आमच्या यजमानांचा. कसबा बावड्याला आमचं उसाचं रान. ऊसतोड चालू आहे म्हणून श्राद्धाला यायला यांना सवड नव्हती, झाडाच्या मुळावर उठायला मात्र होती. वर कौतुकाची वाट बघत उभे.

"सोन्यासारखी मळी हाय. ऊस बघ की कसला येतोय तिच्यावर."

उसाला मानवतं ते सगळ्या जगाला मानवतं, हा यांचा हिशेब.

जुनी कुंडी लहान झाली होती, ते मला काय दिसत नव्हतं? पाणी घातलं की तसंच खालून वाहून जायचं, भोकातून मुळं बाहेर आली होती. पण झाड कळ्यांवर होतं. कळ्यांवरचं झाड हलवत नाहीत. फुलं होऊन जाऊ द्यायची, पावसाळी हवा पडली की दोन बोटं मोठी कुंडी घ्यायची आणि मातीचा गड्डा न फोडता झाड अलगद आत बसवायचं. यांनी गड्डा फोडून मुळं नळाखाली धुतली होती. मळी घालायचीच तर चांगली कुजलेली, तीही मूठभर; ताजी मुळं जाळते.

हा अनंत बाजारातला नव्हता. आईनं माहेरच्या परसातल्या झाडाची फांदी लावून दिली होती. परसातलं झाड पुरात गेलं, मग आई गेली. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि त्याची पानं खाली पडली होती.

कुंडीचं तोंड निमुळतं. झाड ओढून काढलं असतं तर उरलीसुरली मुळं तुटली असती. मी वरवंटा आणला. ताईनं दिलेली कुंडी आहे, असं हे म्हणेपर्यंत तिचे तुकडे झाले होते.

तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. साधी माती, थोडी वाळू. काळी पडलेली मुळं कापली, झाड डब्यात लावलं, सावलीत ठेवलं. मग कळ्या खुडायला लागले. एवढ्याशा मुळांना त्या पोसणं जमलं नसतं.

हे इतका वेळ बघत होते. हळूच म्हणाले, "दोन तरी ठेव की. आईंच्या फोटोला."

"हात लावायच्या आधी मला विचारायचं होतं," मी म्हटलं.

मी राहिलेल्या कळ्याही खुडल्या. अनंत जगला, पण त्या वर्षी आईच्या फोटोला विकतचा हार घातला.