आफरीनच्या हातातलं पुस्तक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले, तरी मध्येच उठून दाराची कडी बघून आले. कुणाची भीती वाटते मला? ते लोक तर कधीच विसरले असतील.

मी नागपुरात हिंगणा रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते. तेव्हा नवीन होते, कंत्राटावर. वर्गातली निम्मी पोरं वाचायचीच नाहीत – पाठ्यपुस्तक समोर धरलं की नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. म्हणून मी चित्रांची पुस्तकं आणली. एकात आजोबांसोबत विहारात जाणारी मुलगी, एकात कुबडी घेऊन क्रिकेट खेळणारा मुलगा, एकात गोंडी बोलणारी आजी, एकात ईदची सकाळ. हवं ते उचलायचं, वाचायचं, मग आपल्या घराबद्दल एक ओळ लिहायची.

आफरीन दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. ईदचं पुस्तक मात्र ती सोडेना. एके दिवशी बोट ठेवून तिनं वाचलं – अम्मी शेवया करते. आणि पाटीवर लिहिलं – माझी अम्मी पण करते. तिचं पहिलं वाक्य! मी तिला उचलून घेतलं होतं. हे सांगायलाच हवं... पुढचं किती वाईट, ते त्याशिवाय कळणार नाही.

ते पुस्तक इतरांनाही आवडलं. एका मुलानं घरी जाऊन आईला गमतीनं 'अम्मी' म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील चार-पाच जणांना घेऊन थेट वर्गात शिरले. एकानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला – शूटिंग चालू. मुलाचे वडील ओरडले –

“पोट्टा मायले अम्मी म्हणून राहिला! काय शिकवून राहिल्या तुम्ही इथं?”

मुख्याध्यापक धावत आले. तेही विचारू लागले – पुस्तक कुणी आणलं? नोकरी जाईल, व्हिडिओ गावभर फिरेल, हे लोक उद्या घरी येतील... आफरीन शेजारीच उभी होती. पुस्तक तिच्या हातात.

मी म्हणाले – हिनं घरून आणलं.

मोबाइल तिच्याकडे वळला. सात वर्षांची पोर. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक पाठीमागे लपवलं – जणू खरंच तिनंच आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, कंपनीच्या गणवेशातच. मुख्याध्यापकांपुढे हात जोडून उभे राहिले.

“माफ करा सर. आमच्या घरी तर पुस्तकच नाही. हिनं कुठून आणलं, मलेच समजून नाही राहिलं. पण मॅडम खोटं काहून बोलतील?”

मी तिथेच होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी मुलीचं नाव शाळेतून काढून घेतलं.

मागच्या महिन्यात ती मला बर्डीच्या बाजारात दिसली. उंच झालीय, तरी लगेच ओळखू आली. “मॅडम!” – रस्त्यापलीकडून तिनं हाक मारली. हसत होती. मी ओढणी तोंडावर ओढली आणि समोरच्या ऑटोत जाऊन बसले. तो कुठे चालला होता, तेही विचारलं नाही.