यंत्राच्या पायाखालची सोळा पानं

सकाळी नवऱ्याच्या शर्टावर इस्त्री फिरवत होते. एक बाही झाली, दुसरी व्हायची होती, तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. दारात खालच्या मजल्यावरचे बाइंडरकाका. चष्मा कपाळावर, बोटांना खळ आणि छातीशी दुमडलेल्या कागदांची मळकट घडी.

"वहिनी, खुनी सापडला! पण तो कोण, ते मला माहीत नाही."

"आधी आत या, बसा," मी म्हटलं.

काका गेली चाळीस वर्षं वाचनालयाची पुस्तकं बांधतात. सोळा-सोळा पानांचे फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. त्यांनी बांधलेलं पुस्तक आपटलं तरी पान निसटत नाही.

वाचनालयात त्यांनीच बांधलेली एक जुनी गुप्तहेर-कादंबरी आहे. दुसरी प्रत शोधूनही मिळत नाही. गुप्तहेर दोनशे पानं खुर्चीतून उठत नाही, नुसता प्रश्न विचारतो. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे." संपलं! कॉलेजात असताना, वाचकावर सोडलेल्या या शेवटाचं कौतुक करून मी निबंधाचं बक्षीस पटकावलं होतं.

याच प्रतीवरून त्या कादंबरीवर दोन चित्रपट निघाले. जुन्यात गुप्तहेर छपरांवरून धावतो आणि डॉक्टरला पकडतो. नव्यात त्याला एक प्रेयसी चिकटवलीय, चार गाणी घातलीत आणि खुनी निघते धाकटी सून. काकूंचा संशय डॉक्टरवर, काकांचा सुनेवर. तीस वर्षं त्या घरातलं भांडण म्हणजे एवढंच.

"तुमची ती सून मांजराला घाबरते. ती माणूस मारेल?" काकू विचारायच्या.

"अगं, मांजर सिनेमात आहे, पुस्तकात नाही! आणि पुस्तकातल्या डॉक्टरचे हात थरथरतात. त्याला साधा कप धरता येत नाही, तो सुरा काय धरणार?"

"सिनेमात तर नाही थरथरत."

"म्हणून तर सिनेमा चुकला!"

आज काकांनी ती घडी माझ्यासमोर ठेवली. "पुस्तकं दाबायचं यंत्र सरकवलं, तर त्याच्या पायाखाली हे. डुगडुगत होतं म्हणून रद्दी समजून मीच कधीतरी सरकवलं असणार. शेवटचा फर्मा आहे हो! मी शिवायचा विसरलो आणि लोक लेखकाला शाबासकी देत बसले."

माझं बक्षीस आठवून मी गुपचूप दुसरी बाही इस्त्रीला घेतली.

"मग वाचलंत की नाही?"

"पहिली ओळ पाहिली आणि मिटून टाकलं. मी जिंकलो, तर ही म्हणणार, मनचं वाचलंत."

"आणि हरलात तर?"

काकांनी चष्मा खाली ओढला, पुन्हा वर केला. "तर मी खरंच मनचं वाचीन. तीस वर्षं झाली, वहिनी. माझा स्वतःवर भरवसा नाही."

मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. फर्मा त्यांनी अलगद माझ्या हातात दिला.

"वाचनालयात जाऊन चूक कबूल करतो, पुस्तक आणतो आणि उद्या हा शिवून टाकतो. त्याआधी तुम्ही आज चारला आमच्याकडे या आणि ही सोळा पानं आम्हा दोघांसमोर मोठ्यानं वाचा."